टीपीएनवरच्या रुग्णाचा एबीजी बिघडला, तर बॅगेकडे सगळ्यात शेवटी बघा

टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण पोषण) किंवा ट्यूब फीड (नळीतून पोटात दिलं जाणारं अन्न) चालू असलेल्या रुग्णाचा बायकार्ब (रक्तातलं आम्ल शमवणारं अल्कली, एरवी 24) पहाटेच्या एबीजीत, म्हणजे धमनीच्या रक्ताच्या तपासणीत, 14 आला, की राउंडला ठरलेला प्रश्न येतो: "सर, बॅग बदलायची का?" बहुतेक वेळा नाही. बॅग चोवीस तास चालते, त्यामुळे तिच्यात केलेल्या बदलाचा परिणाम उद्या-परवा दिसतो. शिवाय आम्ल-अल्कलीचा तोल बिघडण्यात बॅगेचा वाटा सहसा लहान असतो. मोठा वाटा स्टोमा (आतड्याचं पोटावर काढलेलं तोंड), राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी), ड्रेन, किडनी आणि आपणच लावलेल्या सलाइनचा. म्हणून खालच्या क्रमात बॅगेचा नंबर जवळजवळ शेवटी आहे.

हा लेख प्रौढ रुग्ण सांभाळणारे रेसिडेंट, आहारतज्ज्ञ आणि आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी आहे. डोस रुग्णाच्या किडनी आणि हृदयाप्रमाणे बदलतात, ते तिथल्या सिनियरशी बोलूनच ठरवा.

आधी सॅम्पल तपासा

आपल्याकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी साध्या सिरिंजमध्ये बाटलीतलं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ओढून एबीजी घेतात. हेपॅरिन सिरिंजमध्ये शिल्लक राहिलं आणि रक्त कमी आलं, तर रक्त पातळ होतं. मग पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) आणि बायकार्ब दोन्ही खोटे कमी दिसतात आणि नसलेला अ‍ॅसिडोसिस (रक्ताचा तोल आम्लाकडे झुकणं) तयार होतो. हेपॅरिन पूर्ण बाहेर टाकायचं, सिरिंजच्या भिंतीला लागलेलं पुरतं. बुडबुडा लगेच काढायचा. सॅम्पल अर्ध्या तासात मशीनवर गेलं पाहिजे. पडून राहिलं तर रक्तपेशी साखर खात राहतात, पीएच उतरतो आणि लॅक्टेट (साखर पूर्ण न जळता उरणारा पदार्थ) चढतं.

टीपीएनच्या रुग्णात आणखी एक फसगत होते. ज्या सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेतल्या नळीतून) टीपीएन चालू आहे तिच्यातूनच इलेक्ट्रोलाइट्सचं रक्त घेतलं, तर साखर 600 आणि पोटॅशियम 6.5 असा रिपोर्ट येतो, आणि रुग्ण मात्र निवांत बोलत असतो. असा रिपोर्ट आला की इन्शुलिन लावण्याआधी दुसऱ्या हातातून पुन्हा सॅम्पल पाठवा.

मग आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. पीसीओटूला 24 ने गुणा आणि बायकार्बने भागा. येणारा आकडा म्हणजे हायड्रोजन आयनचं प्रमाण. पीएच 7.40 ला ते 40 असतं, 7.30 ला 50, 7.20 ला 63 आणि 7.50 ला 32. हिशेब फारच वेगळा आला तर कुठेतरी आकडा चुकलाय. एबीजी मशीन बायकार्ब स्वतः मोजत नाही, हिशेबाने काढतं. त्यामुळे लॅबच्या सीरम बायकार्बशी ताडून पाहायची सवय ठेवा. दोघांत 1-2 चा फरक चालतो, 5 चा नाही.

आता एक रुग्ण घेऊ

समजा, 58 वर्षांच्या बाई, वजन 52 किलो. आतड्याचा बराच भाग काढलाय, आयलिओस्टॉमी (लहान आतड्याचा स्टोमा) आहे, टीपीएनचा बारावा दिवस. पीएच 7.29, पीसीओटू 30, बायकार्ब 14. सोडियम 136, पोटॅशियम 3.0, क्लोराइड 108. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) 2.0. बीपी चांगलं, हातपाय गरम, लघवी होतेय.

24 गुणिले 30 भागिले 14 म्हणजे 51. पीएच 7.29 शी जुळतं. सॅम्पल ठीक आहे.

पीएच कमी, बायकार्ब कमी, म्हणजे मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस. फुफ्फुसं त्यांचं काम करतायत का? बायकार्बची दीडपट अधिक 8, म्हणजे 29, त्यात 2 इकडे-तिकडे. पीसीओटू 30 आहे, म्हणजे बरोबर. तोच 40 असता, तर आकडा नॉर्मल दिसूनही बाई दमल्या आहेत असं समजायचं आणि व्हेंटिलेटर जवळ ठेवायचा.

पुढे अ‍ॅनायन गॅप, म्हणजे सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा करून उरणारा आकडा. तो वाढला, तर रक्तात लॅक्टिकसारखं एखादं न मोजलेलं आम्ल साठलंय. 136 मधून 108 आणि 14 वजा केले की 14 उरतात. बऱ्याच लॅबची वरची मर्यादा 12 च्या आसपास असते, म्हणून घाईत "थोडासा वाढलाय" म्हणून रेसिडेंट पान उलटतो. पण टीपीएनवरच्या रुग्णाचं अल्ब्युमिन क्वचितच 4 असतं. 4 पेक्षा जितके ग्रॅम कमी, तितक्या गुणिले अडीच मिळवायचे. इथे 2 ग्रॅम कमी, म्हणजे 5 मिळवून खरा गॅप 19. ही दुरुस्ती न केल्यामुळे सुटलेले लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस कमी नाहीत.

गॅप 12 च्या वर 7 ने गेलाय, बायकार्ब 24 पेक्षा 10 ने खाली आहे. 7 चा खुलासा झाला, 3 चा राहिला. म्हणजे एकाच रुग्णात दोन अ‍ॅसिडोसिस आहेत: एक गॅपचा, एक क्लोराइडचा. क्लोराइड 108 फारसा जास्त वाटत नाही, पण तो एकटा बघायचाच नसतो. सोडियम आणि क्लोराइडमधला फरक साधारण 36 असतो, इथे 28 आहे. राउंडला कॅल्क्युलेटर न काढता हा फरक डोळ्यांनी टिपता येतो.

चार्ट वाचा: काय जातंय, काय येतंय

हा भाग खरं तर जमाखर्चाचा आहे, आणि तो आय-ओ चार्टवर (आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या द्रवाच्या नोंदीत) लिहिलेला असतो. फक्त 'टोटल आउटपुट' एवढा आकडा निरुपयोगी आहे. कुठून किती गेलं, ते वेगवेगळं पाहिजे. पोटातून, म्हणजे राइल्स ट्यूबमधून किंवा उलटीतून, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड जातं आणि मागे अल्कलोसिस (रक्ताचा तोल अल्कलीकडे झुकणं) राहतो. पायलोरसच्या (जठराच्या खालच्या तोंडाच्या) खालून जे जातं त्यात बायकार्ब असतं: स्वादुपिंडाच्या फिस्च्युलात (गळणाऱ्या वाटेत) सर्वांत जास्त, मग पित्तात, लहान आतड्यात, जुलाबात. तिथे अ‍ॅसिडोसिस होतो. एकाच रुग्णाला राइल्स ट्यूब आणि फिस्च्युला दोन्ही असतील, तर पीएच 7.40 आणि तरीही क्लोराइड, पोटॅशियम, पाणी सगळंच कमी असं चित्र दिसतं. त्या नॉर्मल पीएचवर समाधान मानू नका.

आत येणाऱ्या गोष्टींमध्ये सलाइनचा प्रकार, औषधं कशात मिसळली, रक्ताच्या पिशव्या किती, लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) चालू आहे का, प्रोपोफॉल (झोपवून ठेवणारं औषध) चालू आहे का आणि टीपीएनमध्ये नेमकं काय-काय घातलं, हे सगळं येतं. या बाईंच्या चार्टवर स्टोमाचं आउटपुट 2200 मिली आहे आणि ते रोज तितक्याच नॉर्मल सलाइनने भरून काढलंय. टीपीएनच्या नोंदीत बॅगेचं नाव आहे, दर आहे, पण मल्टिव्हिटॅमिनचं नाव बारा दिवसांत कुठेच नाही. लॅक्टेट पाठवलं, 6.8 आलं.

क्लोराइडचा भाग

नॉर्मल सलाइनमध्ये लिटरमागे 154 क्लोराइड असतं, रक्तात साधारण 100. स्टोमातून बायकार्ब जातंय आणि बदल्यात आपण शुद्ध क्लोराइड भरतोय. पहिली दुरुस्ती इथे: भरपाईचं द्रव बदला. रिंगर लॅक्टेटमध्ये (आरएल) क्लोराइड 109 च्या आसपास आणि लॅक्टेट 28. प्लाझ्मालाइट प्रकारच्या द्रवात क्लोराइड 98, अ‍ॅसिटेट 27 आणि ग्लुकोनेट 23. लॅक्टेट आणि अ‍ॅसिटेट दोन्हींचं शरीरात बायकार्ब होतं. "लॅक्टेट आधीच 6.8 आहे, मग आरएल कसं लावायचं?" असं सिस्टर विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. आरएलमध्ये सोडियम लॅक्टेट असतं, लॅक्टिक अ‍ॅसिड नसतं, त्यामुळे त्याने अ‍ॅसिडोसिस वाढत नाही. मात्र यकृत फार बिघडलं असेल तर ते साठतं आणि लॅक्टेटचा आकडा वाचणं अवघड होतं. तिथे अ‍ॅसिटेट बरं, कारण ते स्नायूंमध्येही वापरलं जातं.

दुसरं पोटॅशियम. 3.0 आहे, तेही अ‍ॅसिडोसिसमध्ये. अ‍ॅसिडोसिस सुधारला की पोटॅशियम पेशींत शिरेल आणि आकडा आणखी खाली जाईल. म्हणून पोटॅशियम आधी किंवा बरोबरीने. पोटॅशियम क्लोराइडच्या 15 टक्क्यांच्या 10 मिलीच्या अ‍ॅम्प्यूलमध्ये 20 एमईक्यू (क्षार मोजायचं एकक) असतात. हाताच्या शिरेतून तासाला 10 एमईक्यूच्या पुढे जाऊ नका. सेंट्रल लाइनमधून, मॉनिटर लावून, तासाला 20 पर्यंत. अ‍ॅम्प्यूल सरळ पुश कधीही नाही. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही घाला, टिकत नाही, म्हणून तेही पाठवा.

सोडाबायकार्ब? पीएच 7.29 ला गरज नाही. पीएच 7.2 च्या खाली गेला, नुकसान स्टोमा-जुलाबाचं आहे आणि श्वास पुरेसा चालू आहे, तेव्हा विचार करा. अंदाजी तूट म्हणजे वजन गुणिले 0.5 गुणिले हवा असलेला आणि असलेला बायकार्ब यांतला फरक. आपल्याकडच्या 7.5 टक्के अ‍ॅम्प्यूलमध्ये मिलीमागे सुमारे 0.9 एमईक्यू असतात. एक लिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये 165-170 मिली मिसळले की साधारण 150 एमईक्यूचं, रक्ताइतक्या सोडियमचं द्रव होतं. अर्धी तूट भरा, पुन्हा एबीजी करा. कॅल्शियम चालू असलेल्या लाइनमधून ते देऊ नका, खडूसारखा साका बसतो.

गॅपचा भाग, आणि न घातलेलं जीवनसत्त्व

लॅक्टेट वाढलं की पहिला संशय शॉक, सेप्सिस, आतड्याचा रक्तपुरवठा यांचा. तो आधी फेटाळलाच पाहिजे. पण बीपी चांगलं आहे, हातपाय गरम आहेत, पोट मऊ आहे आणि रुग्ण टीपीएनवर आहे, तेव्हा थायमिन (जीवनसत्त्व बी1) आठवा. थायमिनशिवाय पायरुव्हेट पुढच्या चक्रात जात नाही, त्याचं लॅक्टेट होतं. शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचा, आणि वरून आपण दिवसभर ग्लुकोज ओततोय.

हे पुस्तकी भय नाही. 1997 मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा देशभर तुटवडा झाला, आणि टीपीएनवरच्या रुग्णांमध्ये थायमिनअभावी लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस झाल्याची नोंद तिथल्या सरकारी साथरोग साप्ताहिकात आली. त्याआधी 1980 च्या दशकाच्या शेवटीही याच कारणाने मृत्यू झाले होते. आपल्याकडे तुटवड्याचीही गरज लागत नाही. तयार थ्री चेंबर (तीन कप्प्यांच्या) बॅगेत ग्लुकोज, अमिनो अ‍ॅसिड, स्निग्ध आणि इलेक्ट्रोलाइट्स असतात, पण जीवनसत्त्वं आणि ट्रेस एलिमेंट्स नसतात. ते लावताना वेगळे घालायचे असतात. बॅगेवर एवढं काही छापलेलं असतं की "यात सगळं आहे" असाच समज होतो. त्यात मल्टिव्हिटॅमिनची व्हायल नातेवाइकांना बाहेरून आणायला सांगितलेली असते, एक दिवस मिळत नाही, आणि मग ती यादीतूनच गळते.

संशय आला की थायमिन 200 मिग्रॅ शिरेतून, दिवसातून 3 वेळा. रक्तातली पातळी पाठवायची सोय असेल तर आधी सॅम्पल घ्या, पण रिपोर्टची वाट बघू नका. लॅक्टेट तासाभरात नाही, पण काही तासांत उतरू लागतं, आणि निदानाचा तोच सर्वांत चांगला पुरावा. तोपर्यंत डेक्स्ट्रोजचा दर कमी करा.

उपाशी राहून वाळलेल्या रुग्णाला फीड सुरू करतानाही हाच नियम. आधी 100 मिग्रॅ थायमिन, मग फीड, आणि पहिल्या दिवशी किलोमागे 10 ते 20 किलोकॅलरीच. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पहिले काही दिवस किमान रोज. फॉस्फेट फार खाली गेलं तर श्वासाचे स्नायू थकतात, आणि मेटाबॉलिकवर श्वसनाचा अ‍ॅसिडोसिसही बसतो.

गॅप वाढलाय पण लॅक्टेट नॉर्मल, तर आणखी दोन गोष्टी आपल्या वॉर्डात हमखास विसरल्या जातात. मधुमेहाच्या गोळ्यांत 'ग्लिफ्लोझिन'ने शेवट होणारं औषध होतं का? ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत घेतलं असेल, तर साखर 180 असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होतो. लघवीतल्या कीटोनवर विसंबू नका, रक्तातले मोजा. उपाय इन्शुलिन आणि डेक्स्ट्रोज दोन्ही मिळून. दुसरं म्हणजे कुपोषित रुग्णाला आठवडाभर ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल चालू असणं. अशा रुग्णात, विशेषतः स्त्रियांमध्ये, पायरोग्लुटामिक अ‍ॅसिड साठतं. पॅरासिटामॉल थांबवा आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनचा विचार करा.

उलट बाजू: अल्कलोसिस

दुसरा रुग्ण. पायलोरिक अडथळा, राइल्स ट्यूबमधून दिवसाला दीड लिटर, टीपीएन चालू. पीएच 7.52, पीसीओटू 48, बायकार्ब 38, क्लोराइड 82, पोटॅशियम 2.8. अपेक्षित पीसीओटू म्हणजे बायकार्ब 24 च्या वर जितका गेला त्याच्या 0.7 पट, अधिक 40. म्हणजे 50 च्या जवळपास. श्वसन योग्य भरपाई करतंय, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) समजून व्हेंटिलेटरचा दर वाढवू नका.

एकच तपासणी इथे दिशा देते: लघवीतलं क्लोराइड. 20 च्या खाली असेल तर नॉर्मल सलाइन आणि पोटॅशियम क्लोराइडने हा अल्कलोसिस सुटतो. इथे नॉर्मल सलाइनच योग्य, कारण क्लोराइडचीच उणीव आहे. आधी साठलेली तूट भरा, मग राइल्स ट्यूबचं आउटपुट मिलीला मिली, लिटरमागे 20 एमईक्यू पोटॅशियम क्लोराइड घालून. पोटॅशियमची उणीव मोठी असेल तर त्याची भरपाई वेगळी. अ‍ॅसिड कमी करायला पँटोप्राझोल. लॅसिक्स चालू असेल तर खरंच हवंय का ते विचारा, कारण त्याच्या डोसनंतर लघवीतलं क्लोराइडही खोटं वाढतं.

अंगाला सूज आहे, हृदय कमजोर आहे, सलाइन देता येत नाही, अशा रुग्णात असेटाझोलामाइड 250 ते 500 मिग्रॅ उपयोगी पडतं, पोटॅशियमवर नजर ठेवून. खूप रक्त दिलं असेल किंवा सिट्रेटवर डायलिसिस चालू असेल, तर सिट्रेटचंही बायकार्ब होतं हे ध्यानात असू द्या.

पीसीओटू चढतोय आणि फुफ्फुसं बरी आहेत

व्हेंटिलेटर सोडवताना श्वास 35 ला जातो, पीसीओटू 55. एक्स-रे स्वच्छ. अशा वेळी कॅलरी मोजा, आणि फक्त आहारतज्ज्ञांच्या शीटवरच्या नाही. प्रोपोफॉल मिलीमागे 1.1 किलोकॅलरी देतं, तासाला 15 मिली चालू असेल तर दिवसाला जवळजवळ 400. अँटिबायोटिक डेक्स्ट्रोजमध्ये मिसळलंय, पोटॅशियम डेक्स्ट्रोजमध्ये चालू आहे, हेही धरा. ग्लुकोजचा दर किलोमागे मिनिटाला 4 ते 5 मिग्रॅच्या वर नको. 45 किलोच्या रुग्णाला दिवसाला 400 ग्रॅम ग्लुकोज जात असेल तर तो दर 6 च्या वर आहे. 260 ग्रॅमवर आणला की 4. जास्तीच्या ग्लुकोजची चरबी होते आणि त्या कामात कार्बन डायऑक्साइड भरपूर तयार होतो. निरोगी फुफ्फुस ते बाहेर टाकतं, थकलेलं टाकू शकत नाही.

यासाठी महागडे 'फुफ्फुसांचे' जास्त स्निग्ध फीड मागवण्यात मला तथ्य वाटत नाही. एकूण कॅलरी आवाक्यात आणल्या की काम होतं.

आता बॅग

ज्या मोजक्या हॉस्पिटलांत टीपीएन स्वतः मिसळतात, तिथे सोडियम-पोटॅशियम क्लोराइड म्हणून द्यायचं की अ‍ॅसिटेट म्हणून, हे निवडता येतं. सुरुवात निम्मं-निम्मं. अ‍ॅसिडोसिसकडे कल असेल तर अ‍ॅसिटेट वाढवा, अल्कलोसिसकडे असेल तर क्लोराइड. बॅगेत सोडाबायकार्ब घालू नका, कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून साका बनतो आणि वायू सुटतो.

तयार थ्री चेंबर बॅगेत अ‍ॅसिटेट ठरलेलं असतं, तुम्हाला हात लावता येत नाही. तिथे समतोल साधायचा तो शेजारून चालणाऱ्या द्रवाने. म्हणजे बहुतेक हॉस्पिटलांत टीपीएनचं आम्ल-अल्कली व्यवस्थापन म्हणजे प्रत्यक्षात सलाइनची योग्य बाटली निवडणं. बॅगेचा स्वतःचा पीएच साडेपाच-सहाच्या आसपास असतो म्हणून अ‍ॅसिडोसिस होतो, हा समज मात्र सोडा. त्यातलं मोकळं आम्ल नगण्य असतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमिनो अ‍ॅसिड हायड्रोक्लोराइडच्या रूपात असायची, तेव्हा खरोखर क्लोराइडचा अ‍ॅसिडोसिस व्हायचा. नंतर त्यांची जागा बरीचशी अ‍ॅसिटेटने घेतली.

ट्यूब फीडवर जुलाब लागून बायकार्ब उतरत असेल तर फीड बंद करण्याआधी औषधांची ट्रॉली बघा. राइल्स ट्यूबमधून जाणारी पोटॅशियमची, पॅरासिटामॉलची, खोकल्याची सिरपं सॉर्बिटॉलने भरलेली असतात.

घरी सोडताना

लहान आतडं थोडंच उरलेल्या, पण मोठं आतडं शाबूत असलेल्या रुग्णांच्या बाबतीत घरी गेल्यावर एक वेगळीच गोष्ट होते. सणाला श्रीखंड-पुरी झाली, उसाचा रस झाला, आणि काही तासांत बोलणं जड, चाल झोकांड्यांची. घरच्यांना वाटतं, प्यायलाय. मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेल्या साखरेचं डी-लॅक्टेट बनवतात, आणि मेंदूवर त्याचा परिणाम होतो. नेहमीची लॅक्टेट तपासणी फक्त एल प्रकार मोजते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. अ‍ॅनायन गॅप बहुधा वाढलेला असतो. तोंडाने कर्बोदकं बंद, शिरेतून द्रव, गरजेप्रमाणे बायकार्ब, थायमिन, आणि जिवाणूंसाठी तोंडाने मेट्रोनिडॅझोल किंवा तत्सम प्रतिजैविक. थायमिन यासाठी की वर्निकीचं (थायमिनअभावी मेंदूला होणाऱ्या आजाराचं) चित्रही असंच दिसतं.

कायम आयलिओस्टॉमी असलेल्यांना कधी सोडामिंटच्या (सोडाबायकार्बच्या) गोळ्या लागतात. 500 मिग्रॅच्या एका गोळीत 6 एमईक्यू बायकार्ब असतं. सुरुवातीला दोन आठवड्यांनी बायकार्ब आणि पोटॅशियम तपासा. डिस्चार्ज कार्डवर मराठीत, ठळक अक्षरांत लिहा: बोलणं अडखळलं, तोल गेला किंवा श्वास खोल-जोरात चालू झाला, तर गोड बंद करून त्याच दिवशी दवाखान्यात यावं आणि हे कार्ड तिथल्या डॉक्टरांना दाखवावं.